अंगणवाडी : बोर्डी ते बेंगळुरू

एचएसआर लेआउटच्या गल्ल्यांतून चालताना अक्षर अक्षर लावत कन्नड पाट्या वाचायची सवय लागते, आणि एखाद्या पाटीवर अचानक आपल्या भाषेतला शब्द भेटतो. ‘अंगनवाडी केंद्र’ ही अशी एक पाटी. ‘ण’चा ‘न’ झालेला असतो. कन्नडमध्ये अंगणाला ‘अंगळ’ म्हणतात आणि ‘वाडी’ हा शब्द मराठी अर्थाने तिथल्या रोजच्या बोलण्यात नाही. त्यामुळे पाटी वाचणाऱ्या कन्नड माणसाला या शब्दात ना अंगण दिसते, ना वाडी. एका सरकारी केंद्राचे नाव, एवढाच त्याचा अर्थ उरतो. हिंदीत त्याचे ‘आंगनबाडी’ झाले, मल्याळममध्ये ‘अंकणवाडी’. देशभरातल्या सुमारे 14 लाख केंद्रांवर आज हा शब्द कुठल्या ना कुठल्या लिपीत लिहिलेला आहे. इतका दूर गेलेला आधुनिक मराठी शब्द दुसरा चटकन आठवत नाही.

शब्द फार जुना नाही. तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे काम सुरू केले, त्यातून तो वापरात आला. भाषांतर करणाऱ्याला कुठल्याही प्रवासी शब्दाबाबत एकच प्रश्न पडतो : शब्द गेला, पण त्याच्याबरोबर काय गेले आणि काय मागे राहिले? अंगणवाडीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. जे मागे राहिले, तेच आज एचएसआर लेआउटमध्ये बांधकामाच्या पत्र्यांआड वाढणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलाला हवे आहे.

या इतिहासाची सुरुवात बोर्डीच्या आधीची, रोममधली आहे. सान लोरेंझो हा तिथला कामगारांचा भाग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे घरबांधणीची लाट आली आणि ओसरली. अर्धवट राहिलेल्या इमारतींत गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहू लागली. पुढे एका गृहबांधणी कंपनीने त्या इमारती दुरुस्त करून भाड्याने दिल्या. आईवडील दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली लहान मुले जिने-भिंतींची नासधूस करीत. दर वेळी दुरुस्ती करण्यापेक्षा इमारतीतच एक खोली देऊन मुलांवर लक्ष ठेवायला कोणी नेमावे, असा कंपनीने हिशेब केला. ते काम डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे आले. 6 जानेवारी 1907 रोजी ती खोली उघडली. तिचे नाव ‘कासा देइ बांबिनी’, म्हणजे मुलांचे घर. खोली राहत्या इमारतीत असल्यामुळे येता-जाता आईला आत डोकावता येई. आज जगभरच्या महागड्या बालशाळांच्या पाट्यांवर जे नाव दिसते, त्याची पहिली शाळा मजुरांच्या मुलांसाठी होती आणि बिल्डरच्या गरजेतून निघाली होती.

भारतात लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार त्याआधी पोचला होता. पंडिता रमाबाईंनी 1880 च्या दशकात फिलाडेल्फियात फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला होता. पण हा विचार आपल्या मातीत रुजवण्याचे मोठे काम झाले ते भावनगरला. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. माँटेसरीचे ‘घर’ इथे ‘मंदिर’ झाले. ताराबाई मोडक राजकोटच्या शिक्षिका-प्रशिक्षण महाविद्यालयातले प्राचार्यपद सोडून गिजुभाईंना येऊन मिळाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. 1936 मध्ये मुंबईत येऊन त्यांनी दादरला शिशुविहार काढला. मराठी मध्यमवर्गाच्या घरांत ‘मुलाला मारू नये’, ‘त्याला त्याच्या हाताने करू द्यावे’ या गोष्टी पोचल्या, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

दादरचे यश हीच पुढच्या प्रश्नाची सुरुवात ठरली. ठरावीक साधने, प्रशस्त खोली, प्रशिक्षित शिक्षिका आणि फी हा सगळा खर्च पेलणारी घरेच तिथे येऊ शकत होती. सान लोरेंझोच्या मजुरांसाठी निघालेली पद्धत भारतात येता येता शिकलेल्या वर्गाची झाली होती. दुसरीकडे गांधीजींच्या नई तालीमच्या विचारात 1945 पर्यंत सात वर्षांखालच्या मुलांचाही समावेश झाला होता. त्याला ‘पूर्वबुनियादी’ म्हणू लागले होते. खेड्यातल्या गरिबाला परवडेल असे बालशिक्षण उभे राहू शकते का, हे करून पाहण्यासाठी ताराबाई वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी दादर सोडून बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेली ही बाई शिकून शिक्षिका झाली होती. पुढची जवळजवळ सगळी हयात तिने या कामाला दिली.

1945 हे वर्ष त्या भागात साधे नव्हते. डहाणू, उंबरगाव, तलासरीच्या जंगलपट्टीत वारल्यांना सावकार-जमीनदारांची वेठ करावी लागे. लग्नासाठी कर्ज काढले तर नवराबायको दोघेही ‘लग्नगडी’ म्हणून वर्षानुवर्षे मालकाकडे राबत. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. त्याच पट्टीत त्याच वर्षाच्या अखेरीस ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. परुळेकरांचे आणि ताराबाईंचे मार्ग वेगळे होते, विचारसरणीही वेगळ्या होत्या. पण दोघांच्याही समोर एकच घर होते : दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्याच्या मालकीचा असलेले घर.

अशा घरातले मूल बालवाडीत का येत नाही, याचे उत्तर पालकांच्या अज्ञानात शोधण्याची सवय तेव्हाही होती, आजही आहे. बोर्डीच्या कामात ते उत्तर दिवसाच्या वेळापत्रकात सापडले. आई पहाटे कामावर जाते. मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढते. मुलगा शेळ्या-गुरे राखतो. अंगावर धड कपडा नाही, आंघोळीला पाणी लांबून आणायचे. घंटा वाजण्याच्या वेळेला, स्वच्छ कपड्यांत, दुसऱ्या वस्तीत चालत येऊन बसेल असे मूल त्या घरात असूच शकत नव्हते. मग मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाकडे जाईल, असे ठरले. मध्यवर्ती बालवाडी चालू राहिली, पण तिच्या जोडीला शिक्षिका स्वतः वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी म्हणायच्या आणि तिथेच खेळ मांडायचे. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी.

‘वाडी’ हा शब्द इथे नीट ऐकायला हवा. मराठीत वाडी म्हणजे छोटी वस्ती, आणि वाडी म्हणजे नारळी-पोफळीची, फुलांची बागही. ‘बालवाडी’त फ्रोबेलच्या ‘मुलांच्या बागे’चा अर्थ आपोआप येऊन बसतो. त्याला अंगण जोडल्यावर ती बाग दाराशी आली. घर, मंदिर, विहार या आधीच्या नावांत मुलाने उंबरठा ओलांडून आत यायचे होते. अंगणवाडीत उंबरठा शिक्षिकेने ओलांडायचा होता.

ताराबाईंनी साधनेही बदलली, पण तत्त्व सोडले नाही. मोठे-लहान, जड-हलके, खडबडीत-गुळगुळीत हे कळण्यासाठी कारखान्यातून आलेले लाकडी ठोकळेच लागतात असे नाही. खडे, शंखशिंपले, चिंचोके, पाने, बांबूचे तुकडे, माती यांतूनही तोच क्रम लावता येतो. मूल निवडते, हाताळते, चुकते, पुन्हा करते. मोठ्या माणसाने थांबून पाहायचे. दादरच्या मुलाला जे मिळत होते, ते वारल्याच्या मुलाला स्वस्तात द्यायचे होते, पण उणे करून द्यायचे नव्हते. गरिबांसाठीच्या योजनेत ही गोष्ट नेहमी आधी निसटते. स्वस्त म्हणता म्हणता कमी दर्जाचे कधी झाले, ते कळतही नाही.

1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथे त्याची पुढची पायरी दिसली. बालवाडीतली मुले येऊ लागली तरी त्यांची सात-आठ वर्षांची बहीण शाळेत येत नव्हती, कारण तिच्या कडेवर बाळ होते. मग बाळासाठी पाळणाघर, मधल्यासाठी बालवाडी आणि मोठीसाठी प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. या एकत्रित रचनेला ‘विकासवाडी’ म्हटले गेले. जो मुलगा गुरांमागे जातो त्याच्यासाठी शिक्षक कुरणात गेला, ती ‘कुरणशाळा’. ऐकायला ही नावे गोड वाटतात. पण प्रत्येक नावामागे कुटुंबाच्या श्रमाचा एक कठोर हिशेब आहे. कोसबाडने दाखवले की गरीब घरात पूर्वप्राथमिक शिक्षण एकट्या चार वर्षांच्या मुलाचे कधीच नसते. ते त्याच्या बहिणीच्या शाळेचे असते आणि आईच्या मजुरीचेही असते. तीन पिढ्यांचे भवितव्य त्या दोन-तीन तासांना टांगलेले असते, कारण आज शाळा सुटलेली बहीण उद्याची आई असते.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. त्या सुमारास दिल्लीत शाळापूर्व वयाच्या मुलांचा विचार गांभीर्याने सुरू झाला होता. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने नेमलेल्या अभ्यासगटाचा अहवाल 1972 मध्ये आला. मीना स्वामीनाथन त्या गटाच्या अध्यक्ष होत्या. 1974 मध्ये राष्ट्रीय बालधोरण आले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली : 18 ग्रामीण, 11 आदिवासी आणि 4 शहरी. कर्नाटकातला पहिला प्रकल्प म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूरला होता. योजनेच्या केंद्राला नाव मिळाले ‘अंगणवाडी’. बोर्डीचा शब्द देशाचा झाला.

योजनेत सहा सेवा होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आई-मुलींसाठी पोषण-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शाळापूर्व शिक्षण. या यादीत चूक काही नाही. उपाशी मुलाला गाणी शिकवून भागत नाही, हे बोर्डीतही ठाऊक होते. पण सरकारी व्यवस्थेत जे मोजता येते ते टिकते. किती मुलांचे वजन झाले, किती पाकिटे वाटली, किती डोस दिले, याची रजिस्टरे भरता येतात. मुलाने आज स्वतःहून एक प्रश्न विचारला, हे कुठल्या रकान्यात लिहायचे? शिकवणे हळूहळू मागे पडले. अनेक राज्यांत लोकांच्या तोंडी अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याचे ठिकाण झाले.

यात सेविकांचा दोष पाहणे अन्यायाचे आहे. एका बाईने शिजवण्यावर देखरेख करायची, घरोघरी जायचे, सर्वेक्षणे करायची, निवडणुकीच्या याद्यांचे काम करायचे आणि उरलेल्या वेळात शिकवायचे. तिला पगार नाही, मानधन आहे. ती कर्मचारी नाही, ‘मानसेवी’ आहे. महाराष्ट्रात 2021 मध्ये सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. फोन निकृष्ट होते आणि माहिती भरायचे अ‍ॅप इंग्रजीत होते. मराठी शब्दाने चालणाऱ्या केंद्रात मराठी बाईला इंग्रजीत हिशेब द्यायचा होता. डिसेंबर 2023 मध्ये मानधनासाठी त्यांनी संप पुकारला, तो जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालला. त्याआधी एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका खटल्यात सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्णय दिला. ज्या कामाला देश ‘सेवा’ म्हणत आला ते काम आहे, एवढे कबूल व्हायला 47 वर्षे लागली.

कायद्याच्या भाषेतही असाच एक शब्द गळाला आहे. संविधानाच्या मूळ कलम 45 मध्ये मुलांना चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. त्यात वरची मर्यादा होती, खालची नव्हती. तीन वर्षांचे मूलही त्या वाक्यात बसत होते. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क केला, पण सहा ते चौदा या वयासाठी. सहा वर्षांखालच्या मुलांची काळजी आणि शिक्षण राज्याने ‘प्रयत्न करावा’ अशा मार्गदर्शक तत्त्वात राहिले. 2009 चा शिक्षणहक्क कायदाही याच रेषेवर थांबला. हक्काचे दार उघडले त्याच दिवशी या सर्वांत लहान मुलांसाठी उंबरठा उंच झाला. 13 डिसेंबर 2006 रोजी अन्नहक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची थोडी भरपाई केली. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे, असा तो आदेश होता. झोपडपट्टीलाही तो लागू आहे. मात्र मागणी करण्यासाठी वस्तीला एका जागी टिकून राहावे लागते.

पूर्वप्राथमिक शिक्षणाचा उपयोग होतो का, याचा पुरावा मागणाऱ्यांना आता तो भरपूर आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी 1962 ते 1967 या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या 123 मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीतून 58 मुलांना चांगली बालशाळा आणि आठवड्यातून एकदा शिक्षिकेची घरभेट मिळाली. बुद्ध्यंकातली वाढ काही वर्षांत विरून गेली, आणि प्रयोग फसला असे वाटले. पण ती मुले चाळिशीला आली तेव्हा फरक स्पष्ट होता. त्यांच्यापैकी जास्त जणांनी शाळा पूर्ण केली होती, जास्त जण नोकरीत होते आणि तुरुंगाच्या वाटेला कमी जण गेले होते. पुढे जेम्स हेकमन या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञाने या आकडेवारीवरून गुंतवणुकीचा परतावा काढला आणि तो हिशेब जगभर सांगितला जाऊ लागला.

आपल्या जवळचा पुरावा तमिळनाडूचा आहे. तिथे 320 अंगणवाड्या घेऊन त्यांतल्या निम्म्यांत शाळापूर्व शिक्षणासाठी अर्धवेळ एक जादा बाई दिली. दीड वर्षाने पाहिले तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता आणि मुलांची भाषा-गणितातली प्रगती वाढली होती. त्याच केंद्रांत खुजेपणा आणि तीव्र कुपोषणही कमी झाले होते, कारण आधीच्या सेविकेला आहार-आरोग्याकडे पाहायला वेळ मिळाला. आधी अन्न की आधी शिक्षण, या जुन्या वादाचे उत्तर इतके साधे निघाले : दोन हात कमी पडत होते, ते चार केले.

तरीही परताव्याच्या भाषेपाशी थोडे थांबायला हवे. चाळिसाव्या वर्षी किती कमावेल यावरून चौथ्या वर्षाची किंमत ठरवली, तर ज्याच्यापासून परतावा मिळणार नाही त्या मुलाचे काय? कोसबाडच्या टेकडीवर असा हिशेब कुणी मांडला नव्हता. वारल्याच्या मुलाने आज हसावे, चिखलात हात घालून काही घडवावे, कुणीतरी त्याचे बोलणे ऐकून घ्यावे, हे आजच्या दिवसासाठीच मोलाचे आहे, असा त्या कामाचा अर्थ होता. पुढचे फायदे त्यातून आले तर आले.

आता पुन्हा बेंगळुरूकडे. एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. त्या दोन रस्त्यांच्या मधल्या शेतजमिनींवर बेंगळुरू विकास प्राधिकरणाने सात सेक्टरांचा हा लेआउट आखला. अगरा, जक्कसंद्र, सोमसुंदरपाळ्य यांसारखी जुनी गावे त्याच्या पोटात आणि काठावर राहिली. आज इथे नवउद्योगांची कार्यालये आहेत, आणि त्या कार्यालयांतल्या आईवडिलांसाठी बालशाळाही. त्यांतल्या कितीतरी पाट्यांवर ‘माँटेसरी’ आहे. अंगणवाड्या जुन्या गावांच्या गल्ल्यांत आहेत. या दोन पाट्यांच्या मध्ये तिसरे मूल आहे. ते कलबुर्गी-यादगीर-रायचूरहून, आंध्रातून, ओडिशा-बंगालमधून आलेल्या बांधकाम मजुरांचे. इमारत उभी राहीपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे घर असते. इमारत झाली की घर हलते, आणि कुठल्याही केंद्राच्या यादीत नाव चढण्याआधीच ते मूल पुढच्या साइटवर गेलेले असते.

या मुलासाठीही आपल्याकडे इतिहास आहे. 1969 मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू होते. तिथे उन्हातान्हात पडलेली मजुरांची बाळे पाहून मीरा महादेवन यांनी साइटवरच पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली, पुढे मुंबई-पुण्यातही तिचे काम पसरले. बांधकाम संपले की पाळणाघर पुढच्या साइटवर जाणार, हे तिच्या नावातच आहे. अंगणवाडीचे मूळ तत्त्व शहरात इतक्या सरळ रीतीने क्वचितच कुणी उचलले असेल. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली बंधनकारक केली. ‘स्त्रिया’ या एका शब्दाने पळवाट ठेवली. मूल जणू बापाचे नव्हतेच, आणि ठेकेदारांत कामे वाटली की एकेकाकडे पन्नास बायका कधी भरतच नाहीत. 2020 च्या कामगार संहितेत पाळणाघराच्या तरतुदीत स्त्रियांऐवजी पन्नासहून जास्त कामगार असा उल्लेख आला. शब्द सुधारला. खोली किती साइटवर दिसते, हे लेआउटच्या कुठल्याही रस्त्याने चालून कुणीही पाहावे.

कर्नाटक सरकारने अलीकडे दोन पावले टाकली, आणि दोन्हींची नावे भाषांतर करणाऱ्याला थांबवतात. ग्रामपंचायतींत रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांसाठी पाळणाघरे काढली, त्यांचे नाव ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचे घर. सान लोरेंझोच्या नावाचे हे जवळजवळ शब्दशः कन्नड रूप आहे. दुसरे पाऊल 2024 चे. सरकारी शाळांत एलकेजी-यूकेजी सुरू करण्याला अंगणवाडी कार्यकर्त्यांनी बेंगळुरूत निदर्शने करून विरोध केला, कारण मोठी मुले तिकडे गेली तर अंगणवाडीत शिकणारे कोण उरणार? त्यानंतर अंगणवाड्यांतच हे वर्ग चालवायचे ठरले आणि अशा केंद्रांना ‘सरकारी माँटेसरी’ म्हटले जाऊ लागले. गरिबांच्या खोलीतून निघून श्रीमंतांच्या पाटीवर गेलेले नाव गरिबांच्या केंद्रावर परत आले. यात आनंद आहे, थोडी धास्तीही आहे. ‘अंगणवाडी’ या नावाला आता शाळेची प्रतिष्ठा नाही, ती उसनी आणावी लागते, ही कबुली त्यात आहे. आणि नाव आले म्हणून रीत येत नाही. चार वर्षांच्या मुलाला बाकावर बसवून पाटीवर अक्षरे गिरवायला लावली, तर ते माँटेसरीही नव्हे आणि अंगणवाडीही नव्हे.

एक प्रश्न मात्र बोर्डीपेक्षा इथे अवघड आहे, तो भाषेचा.  सोमसुंदरपाळ्यच्या एखाद्या वस्तीत एका भिंतीआड तेलुगू, दुसऱ्या भिंतीआड बंगाली आणि तिसऱ्याआड कलबुर्गीची कन्नड असते. शिक्षिकेची कन्नड त्या तिघांनाही वेगळी वाटते. अशा वेळी इंग्रजी बालगीते हा सर्वांना सारखाच परका आणि म्हणून सोयीचा मार्ग वाटू शकतो. पण तीन वर्षांचे मूल ज्या भाषेत रडते त्या भाषेत त्याला एक तरी शब्द ऐकू आला पाहिजे. वस्तीतलीच एखादी आई मदतनीस म्हणून घेतली तर एवढे सहज साधते. तमिळनाडूचा धडा इथेही उपयोगी आहे : आणखी एक बाई, आणि ती जवळची.

इतक्या प्रवासानंतर शब्दाबरोबर काय गेले, याचा हिशेब मांडता येतो. अन्न गेले, लस गेली, वजनकाटा गेला. लाखो मुले त्यामुळे जगली, हे लहान नाही. मागे राहिल्या त्या दोन गोष्टी : शिकवणे, आणि मुलाच्या दाराशी, त्याच्या आईच्या कामाच्या वेळेप्रमाणे जाणे. पहिली गोष्ट परत आणायची भाषा आता सरकारच्या कागदांत आली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. दुसरी अजून कुठल्याच कागदात नीट नाही. केंद्र कुठे आहे हे नकाशावर दाखवता येते. बांधकामाची शिफ्ट किती वाजता सुरू होते आणि तेव्हा मूल कुणाच्या कडेवर असते, हे त्या नकाशात नसते. ताराबाईंच्या कामाची सुरुवात या माहितीपासून होत होती.

एचएसआर लेआउटमध्ये अंगणे फारशी उरलेली नाहीत. पत्र्याच्या शेडसमोर वाळू-खडीच्या ढिगांमध्ये थोडी मोकळी जागा असते, संध्याकाळी तिथे चुली पेटतात. दिवसा ती रिकामी असते. अंगणवाडी या शब्दाच्या मूळ अर्थाला तेवढी जागा पुरते.